चिनी प्रांतांचा ‘मुख्यमंत्री’ कोण धरायचा?

नकाशेवाला:
चीनच्या 31 प्रांतस्तरीय घटकांच्या (22 प्रांत, 5 स्वायत्त प्रदेश, 4 महानगरं; तैवान, हाँगकाँग, मकाव सोडून) नेत्यांचा तक्ता करतोय. प्रत्येक ठिकाणी कम्युनिस्ट पक्षाचा सचिव आणि सरकारचा प्रमुख (गव्हर्नर किंवा तत्सम) अशी दोन नावं येतात. वर कोणाला ठेवू? आणि अधिकृत परिचयातलं गाव, शिक्षण जसंच्या तसं उतरवलं तर चालेल ना?

तर्कट:
वर सचिव. गव्हर्नर बहुधा त्याच पक्षसमितीत उपसचिव असतो, म्हणजे दोन नंबरचा. सचिवाची नेमणूक थेट बीजिंगहून होते. गव्हर्नरला आधी प्रांतिक लोकप्रतिनिधी सभेची स्थायी समिती प्रभारी नेमते, मग पूर्ण सभा निवडून देते. म्हणून त्याच्या दोन तारखा येतात. दोन्ही लिहा, नाहीतर जुन्या-नव्याचे कार्यकाळ जुळत नाहीत.

चढण कशी असते ते ली छ्यांग यांच्याकडे पाहून कळेल: वेन्चौ शहराचे सचिव (2002), चच्यांगचे गव्हर्नर (2013), च्यांगसूचे सचिव (2016), शांघायचे सचिव (2017) आणि 2023 मध्ये पंतप्रधान. मध्ये उपपंतप्रधानपद नाही, हा मात्र अपवाद.

चिनीमाती:
जसंच्या तसं नकोच. परिचयात ‘अमुक ठिकाणचे’ असतं ते मूळ गाव, जन्मगाव नव्हे. ‘मूळचे कोकणातले’ म्हणणारा गिरगावात जन्मलेला असू शकतो, तसंच. शी जिनपिंग यांच्या नावापुढे शान्शीतलं फूफिंग लिहितात, जन्म मात्र बीजिंगचा, 1953. ‘कामाला सुरुवात: जानेवारी 1969’ म्हणजे नोकरी नव्हे, पंधराव्या वर्षी खेड्यात श्रमाला पाठवलं ती तारीख. डॉक्टरेट ‘विधी’ची, म्हणजे कायद्याची, पण विषय मार्क्सवादी सिद्धान्त आणि तीही सेवेत असताना घेतलेली. ‘सेवेत असताना’ हे शब्द गाळलेत तर तक्ता वकिलांनी भरेल. पूर्णवेळ शिक्षण छिंगह्वा विद्यापीठात, रसायन अभियांत्रिकी.

तर्कट:
पार्श्वभूमीच्या रकान्यात ‘अंतराळ’ हा गट वेगळा काढा. मा शिंगरुई अंतराळ महामंडळाच्या सरव्यवस्थापकपदावरून आले, पुढे शेन्चेनचे सचिव, क्वांगतुंगचे गव्हर्नर, 2021 ते 2025 शिनच्यांगचे सचिव. युआन च्याच्युन शेन्चौ या चिनी अंतराळयानाच्या कामातून आलेले. स्वायत्त प्रदेशांत गव्हर्नरऐवजी अध्यक्ष असतो आणि तो त्या प्रदेशाच्या नावातल्या जमातीचाच हवा, असं राज्यघटना सांगते. सचिवाला ती अट नाही. तो सहसा हान, म्हणजे चीनमधल्या बहुसंख्य समाजाचा.

नकाशेवाला:
शान्शी माझ्या यादीत दोनदा आलंय. एक खोडू?

चिनीमाती:
अजिबात नको! प्रांतच दोन आहेत, शिआन राजधानी असलेला आणि थाय्युआन राजधानी असलेला. चिनीत फरक सुराचा, देवनागरीत तो उरत नाही. कंसात राजधानी टाका.