‘घरची मंडळी’ ग्रुप: माईच्या अंगठ्याची शाई

आत्या (9:12): काल माईची नखं काढताना बघितलं, डाव्या अंगठ्याला निळी शाई. दोनदा साबण लावला तरी निघेना. जन्मभर लपेटीदार सही करणारी बाई, तिचा अंगठा कशाला लागला? अप्पा, उत्तर दे.

बंडूकाका: माळ्यावरच्या ट्रंकेची किल्ली कोणाकडे आहे?

धाकटी काकू: (फुलांचा फोटो) शुभ सकाळ. मौनात मोठी शक्ती असते.

अप्पाकाका: हे असलं ग्रुपवर विचारायची पद्धत नाही. फोन करायचा असतो.

आत्या: काल दोन केले, आज एक.

अप्पाकाका: गाडी चालवत होतो.

बंडूकाका: दोन्ही दिवस? असो. किल्लीचं कोणी सांगेल का?

अप्पाकाका: लपवण्यासारखं काही नाही. माईनं स्वखुशीनं हक्कसोडपत्र दिलंय. घरपट्टी कोण भरतं, कौलं कोणी बदलली, मिळकत पत्रिकेवर कोणाचं नाव आहे, सगळ्यांना ठाऊक आहे. आणि हिस्से पूर्वीपासून ठरलेत. आम्ही तिघे भाऊ, तीन हिस्से. माईला या वयात हिस्सा घेऊन करायचंय काय?

आत्या: वा. म्हणजे मी नाहीच आणि माईही नाही.

अप्पाकाका: मुलींचा कायदा 2005 चा. घर त्याच्या कितीतरी आधीचं. उगाच शब्द वाढवू नकोस.

ताई: काका, राग मानू नका. 2005 ची दुरुस्ती वडिलोपार्जित एकत्र मिळकतीतल्या मुलींच्या हक्काची. हे घर अण्णांनी स्वतःच्या पगारातून घेतलेलं आणि मृत्युपत्र केलं नाही. तिथे 1956 चाच वारसा कायदा पुरतो: बायको, मुलगे, मुली, सगळ्यांना सारखं. म्हणजे अण्णा गेले त्या दिवशी पाच हिस्से पडले. माई, तुम्ही, बंडूकाका, आत्या आणि आमचे बाबा.

दादा: आणि पत्रिकेवर नाव लागलं म्हणून कोणी एकटा मालक होत नाही.

ताई: पुढचंही ऐका. बाबा अण्णांच्या मागून गेले, तेही मृत्युपत्र न करता. त्यांच्या 20 टक्क्यांत आई, दादा, मी आणि माई. मुलाच्या वारसांत त्याची आईही पहिल्या वर्गात येते. म्हणजे माईचे स्वतःचे 20 आणि बाबांकडून आलेले 5, एकूण 25. घरात सगळ्यात मोठा हिस्सा तिचा आहे.

दादा: अगं, आपलेच 5 कमी केलेस की.

ताई: मी नाही केले. ते तिचेच होते.

जावई: मी जावई असल्यामुळे मला मत नाही. मी फक्त वाचतोय. चष्मा लावून.

मोठी काकू: गणितं फोनवर छान जमतात. रात्री दोनला माईंना हात धरून बाथरूमला कोण नेतं, त्याचे किती टक्के?

(दहा मिनिटं कोणीच काही लिहिलं नाही.)

आत्या: वहिनी, तुमचं करणं मी कधी नाकारलंय? रात्रीची बाई ठेवू, पैसे सगळे मिळून देऊ, हे मी मागेच म्हटलं होतं. तेव्हा या ग्रुपवर नुसते अंगठे आले होते.

जावई: अंगठ्यांचा विषय या घराला लागूच दिसतोय.

अप्पाकाका: जावईबापू, थट्टेची वेळ नाही.

दादा: काका, एकच सांगा. हे नोटरीकडे केलंत की दुय्यम निबंधकांकडे?

अप्पाकाका: नोटरीचा शिक्का आहे. लाल.

दादा: मग 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे घरावरचा हक्क त्यानं सुटत नाही. दस्त नोंदवलेलाच लागतो.

बंडूकाका: ट्रंकेची किल्ली?

मोठी काकू: म्हणजे आता माईंना कोर्टात उभं करणार?

ताई: कोणी करत नाहीये, काकू. पण 2007 चा ज्येष्ठांचा कायदा आहे. माईला वाटलं तर ती प्रांतांकडे साधा अर्ज करू शकते, मुलांकडून महिना 10,000 पर्यंत निर्वाह मागू शकते. आणि तिला खरंच तुम्हालाच द्यायचं असेल, तर खुशाल द्यावं. नोंदणीकृत बक्षीसपत्र करा आणि ‘सांभाळ करीन’ ही अट दस्तातच लिहा. सांभाळ झाला नाही तर कलम 23 खाली ती ते रद्द करून मागू शकते. फक्त आधी तिला वाचून दाखवा. ‘बँकेचं काम आहे’ असं सांगून नको.

अप्पाकाका: असं कोण म्हणालं?

आत्या: माई म्हणाली. ‘बँकेला आता सही चालत नाही का गं?’ म्हणून मलाच विचारत होती.

धाकटी काकू: सगळ्यांनी शांत व्हा ना प्लीज. बीपी वाढतं.

बंडूकाका: चौथ्यांदा विचारतोय. अण्णांचं मूळ खरेदीखत त्या ट्रंकेत आहे. परवा बघितलं तर जुनं कुलूप जाऊन नवं लागलंय. कोणी बदललं?

अप्पाकाका: गंजलं होतं.

दादा: काका, माईकडून घेतलेल्या कागदाचा फोटो टाका ना. विषयच संपेल.

अप्पाकाका: (फोटो) घ्या. संपला विषय.

ताई: आडवा आलाय, फिरवून बघितला. खाली ‘3 पैकी 1’ लिहिलंय.

आत्या: अप्पा, पान 2 आणि 3?

मोठी काकू: ते झोपलेत.

आत्या: सकाळी साडेअकराला?

बंडूकाका: उठले की किल्लीचंही विचारा.