रसावर जगणाऱ्या किडीला प्रथिनं कुठून?

डासाच्या मादीला अंड्यांसाठी रक्तातली प्रथिनं लागतात. मग मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारी बारीक कीड, नुसत्या रसावर कसा वाढतो, हा प्रश्न पडतोच. पानाच्या शिरेतल्या रसात साखर भरपूर, प्रथिनं ज्यांपासून बनतात ती आवश्यक अमिनो आम्लं मात्र नावापुरती. बहुतेक माव्यांत ती कमतरता अंगातल्या खास पेशींत राहणारे बुक्नेरा जिवाणू भरून काढतात. तरी प्रथिनांना लागणाऱ्या नत्रासाठी (नायट्रोजन) रस ढीगभर ओढावा लागतो आणि जादा साखर मागून बाहेर टाकावी लागते.

२००२ साली सांगलीत उसावर लोकरी मावा आला, तेव्हा खालची पानं त्या साखरेच्या चिकट्याने बरबटायची आणि वर काळी बुरशी चढायची. पाला हातात धरवत नसे. त्यात आपले लोक युरिया सढळ हाताने टाकणार, म्हणजे रसात नत्र वाढून माव्याचीच चंगळ!