कोरोनाग्राफमध्ये कॉन्ट्रास्ट दहा लाखांत एकच्या खाली जात नाही

लायोट_३४:
ताऱ्याचा उजेड झाकून शेजारचा मंद ग्रह दाखवणारा कोरोनाग्राफ टेबलवर लावलाय. मांडणी अशी आहे: सुपरकंटिन्युअम (अनेक रंगांचा) लेसर, ६३३ नॅनोमीटरवर १० नॅनोमीटर रुंदीचा फिल्टर, प्युपिलमध्ये (दुर्बिणीच्या तोंडाची प्रतिमा पडते त्या जागी) ३४×३४ अ‍ॅक्ट्युएटरचा एक डिफॉर्मेबल मिरर (आकार बदलता येणारा आरसा, पुढे डीएम), फोकसवर अपारदर्शक ठिपका, मग लायोट स्टॉप (कडेचा उजेड अडवणारी छिद्राची पट्टी). ताऱ्यापासून ३ ते १० लॅम्डा/डी (तरंगलांबी भागिले प्युपिलचा व्यास, हे कोनाचं माप) इतकं पूर्ण गोल डार्क होल (उजेड मिटवलेला भाग) हवंय. इलेक्ट्रिक फील्ड कॉन्ज्युगेशन (उरलेल्या उजेडाचं फील्ड मोजून ते डीएमने मिटवणं) चालवलं की कॉन्ट्रास्ट (ताऱ्याच्या मानाने उरलेला उजेड) दहा लाखांत एकपाशी अडतो. सूर्यासारख्या ताऱ्याजवळची पृथ्वी साधारण हजार कोटींत एक इतकी मंद, म्हणजे अजून बराच पल्ला आहे. आधी काय तपासू?

फेजवाला:
पूर्ण गोल मागताय तिथेच अडतंय. प्युपिलमधला एकटा डीएम फक्त फेज (लहरीचा टप्पा) बदलतो. धूळ किंवा असमान परावर्तनाने आलेली अ‍ॅम्प्लिट्यूडची (लहरीच्या उंचीची) चूक त्याने एका बाजूला मिटवली, की समोरच्या बाजूला तिचं फील्ड दुप्पट होतं. अर्धं वर्तुळ घ्या. दोन्ही बाजू हव्याच असतील, तर प्युपिलपासून दूर दुसरा डीएम लागेल. नासाच्या रोमन अवकाश दुर्बिणीच्या कोरोनाग्राफमध्ये ४८×४८ चे दोन आहेत ते त्यासाठीच.

स्पेकल:
सहमत. त्याआधी लायोट स्टॉपही बघून घ्या. कॅमेऱ्यापुढे प्युपिल दाखवणारं भिंग लावा, स्टॉप काढा. ठिपका मध्यावर असेल तर प्युपिलच्या कडेला सगळीकडे सारखं चमकणारं कडं दिसतं. एकीकडे जाड दिसलं तर ठिपका सरकलाय. स्टॉपने हे कडं पूर्ण झाकलं पाहिजे.

प्रोबही तपासा, म्हणजे फील्ड मोजायला डीएमला मुद्दाम दिलेले छोटे बदल. प्रोबचा उजेड सध्याच्या स्पेकलइतकाच (उरलेल्या उजेडाच्या ठिपक्यांइतकाच) ठेवा. जास्त झाला तर रेषीय मॉडेल चुकतं, कमी झाला तर नॉइजमध्ये बुडतो. धन-ऋण प्रोबच्या किमान दोन वेगळ्या जोड्या लागतात.

लायोट_३४:
अर्ध्या वर्तुळात चित्र कोटीत दोनवर आलं. पण प्रोबमधून काढलेलं फील्ड त्याच्याही कितीतरी खाली दाखवतंय.

स्पेकल:
मग उरलेला उजेड इन्कोहेरंट (मूळ किरणाशी व्यतिकरण न करणारा) आहे, डीएम त्याला हात लावू शकत नाही. बहुधा घोस्ट, म्हणजे काचेतल्या परावर्तनाची खोटी प्रतिमा. तुमच्या फिल्टरने कोहेरन्स लांबी जेमतेम ४० मायक्रोमीटर राहते, त्यामुळे काही मिलिमीटर जाड काचेच्या दोन पृष्ठांमधलं परावर्तन मूळ किरणाशी व्यतिकरण करतच नाही. एकेक काच किंचित तिरकी करा. ज्या काचेबरोबर डाग सरकेल तीच दोषी. तिथे अर्ध्या अंशाची वेज (पाचरीसारखी) काच, दोन्ही बाजूंना अँटी-रिफ्लेक्शन लेप.

फेजवाला:
टेबलवर बंद पेटीही घाला. ६३३ नॅनोमीटरवर हजार कोटींत एकचा स्पेकल उमटायला वेव्हफ्रंटमध्ये (प्रकाशलहरीच्या पृष्ठात) फक्त २ पिकोमीटरची लहर पुरते. एसीचा झोत त्यापेक्षा कितीतरी जास्त हलवतो.