पिंजऱ्यात सापडलेल्या उंदराचे पुढे काय करावे?

प्रश्न :
नमस्कार. घरात उंदीर झाले आहेत. चिकट पॅडला अडकलेला उंदीर तासन्‌तास धडपडताना मी एकदा पाहिला आहे, त्यामुळे या वेळी जिवंत पकडणारा पिंजरा आणला. रात्री लावून सकाळी उशिरा पाहिला, तर आतला लहानसा उंदीर मेलेला होता, अंगावर जखम मात्र एकही नव्हती. असे का झाले असावे? आणि पकडलेला उंदीर किती दूर सोडावा?

उत्तर १ :
इतक्या लहान देहातली ऊब झपाट्याने निघून जाते आणि ती टिकवण्यासाठी त्याला सतत खावे लागते. त्यात भीतीची भर पडली की थंड फरशीवरच्या पत्र्याच्या पिंजऱ्यात काही तासही जीवघेणे ठरतात. आत कागदाचे कपटे, पुरेसे दाणे आणि ओलाव्यासाठी काकडीची फोड ठेवावी. निजण्यापूर्वी एकदा आणि पहाटे एकदा पिंजरा पाहावाच. ज्या दिवशी ते जमणार नसेल, त्या दिवशी तो लावूच नये. चिचुंद्री सापडली तर तिला त्याहूनही कमी वेळ असतो.

उत्तर २ :
लांब नेऊन सोडणे मला दयेचे वाटत नाही, कारण घरात वाढलेल्या उंदराला अनोळखी जागी ना आडोसा सापडतो ना अन्न, आणि तो बहुधा लवकरच मरतो. मादीची स्तनाग्रे ठळक दिसत असतील तर मागे पिल्ले असण्याचा संभव असतो. जवळपास तीन आठवड्यांची होईपर्यंत ती आईच्या दुधावरच जगतात. जवळच, झुडपाच्या आडोशाला, संध्याकाळी सोडावे. अर्थात फटी उघड्या राहिल्या तर तो परत येणारच. लहान उंदराला सुमारे ६ मिलिमीटरची फट पुरते, म्हणून पाइपांभोवतीच्या जागा तारेची घासणी कोंबून वरून सिमेंटने बंद कराव्यात, आणि हे काम पिंजऱ्याइतकेच मनावर घ्यावे.

प्रश्नकर्ता :
मनापासून आभार. मोठा उंदीर मात्र पिंजऱ्याजवळून जातो, आत शिरत नाही.

उत्तर १ :
मोठे उंदीर नव्या वस्तूला बिचकतात. पिंजरा भिंतीला लागून, त्याच्या वाटेवरच ठेवावा, दार उघडे बांधून चार-पाच दिवस आत नुसते खाणे ठेवावे आणि ते नियमित संपू लागल्यावरच चाप चढवावा. सापडल्यावर वर कापड टाकले की तो शांत राहतो. उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरू शकतो, तेव्हा हातमोजे घालावेत आणि नंतर पिंजरा साबणाने धुवावा.