आगीचं प्रशिक्षण पोरांना कशाला? आधी किल्ल्या ज्यांच्याकडे आहेत त्यांना द्या

रसायनवाला

दरवर्षी १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह असतो. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला, त्यात आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. तो आठवडा त्यांच्या आठवणीचा, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण कॉलेजांनी आपलं वर्षाचं एकमेव 'फायर ट्रेनिंग' त्याच आठवड्यात का उरकावं? तेव्हा लेक्चर संपलेली, प्रॅक्टिकलच्या परीक्षा चालू, कॅम्पसवर निम्मी पोरं नसतात. मग एनएसएसची वीसेक मुलं गोळा करायची, ग्राउंडवर पत्र्याच्या ट्रेमध्ये डिझेल पेटवायचं, प्राचार्यांच्या हातात सिलिंडर द्यायचा. फुस्स. टाळ्या. जिओटॅग केलेला फोटो नॅकच्या (कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या परिषदेच्या) फाईलला.

मी नाशिकला गंगापूर रोडच्या बाजूला एका कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये आहे. ही प्रात्यक्षिकं बघून माझं मत असं झालंय की आपण चुकीच्या माणसांना, चुकीच्या जागी शिकवतोय.

आमच्या इमारतीला मागे दुसरा जिना आहे. नकाशात तो आग लागल्यावर बाहेर पडायचा मार्ग आहे. प्रत्यक्षात तळमजल्यावर त्याला चॅनेल गेट, गेटला कुलूप, कुलपाची किल्ली ऑफिसात खिळ्याला. ऑफिस साडेपाचला बंद होतं. लायब्ररी आणि संध्याकाळच्या बॅचेस त्यानंतरही चालू असतात. म्हणजे किल्लीलाच कुलूप. आता चौथ्या मजल्यावरच्या पोराला 'पिन काढा, नळी आगीच्या बुडाशी धरा, दांडा दाबा, डावी-उजवीकडे फिरवा' हे तोंडपाठ असलं तरी तो त्या गेटपाशी येऊन काय करणार?

त्यामुळे माझं म्हणणं : आधी वॉचमन, शिपाई, लॅब असिस्टंट, कॅन्टीनवाला, सफाईच्या मावशी. सकाळी इमारत उघडतात तेही हेच आणि रात्री बंद करतात तेही हेच. त्यांना प्रशिक्षण हॉलमध्ये खुर्च्या मांडून नको, त्याच इमारतीत, त्याच जिन्यावर. मेन स्विच कुठे, गॅसचा कॉक कुठे, कुठली किल्ली कुठल्या कुलपाची, अंधारात हात लावून सांगता आलं पाहिजे. पोरांचं नंतर बघू. मतं सांगा.

अंबड_शिफ्ट

साफ असहमत. मी कंपनीत सेफ्टीचं काम बघतो, त्या अनुभवावरून सांगतो. प्रशिक्षण ही सगळ्यात स्वस्त गोष्ट, म्हणून सगळे आधी तेच करतात. आगीच्या पाण्याचा पंप दुरुस्त करायला पैसे लागतात, वायरिंग बदलायला त्याहून जास्त. ट्रेनिंगला लागतो चहा-समोसा आणि एक बॅनर.

महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. त्यात जबाबदारी कुणाची हे स्वच्छ लिहिलंय : इमारतीचा मालक किंवा भोगवटादार. यंत्रणा चालू स्थितीत आहे असा 'फॉर्म बी' परवानाधारक एजन्सीकडून घेऊन वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, अग्निशमन विभागाला द्यायचा असतो. तो शिपायाने नाही, मालकाने द्यायचा. तुम्ही जे सुचवताय त्यात उद्या काही झालं तर संस्था म्हणणार, 'आम्ही वॉचमनला ट्रेनिंग दिलं होतं, त्यानेच गेट उघडलं नाही.' बारा हजार पगारावर राबणाऱ्या माणसाच्या गळ्यात ही घंटा बांधायची?

आणि तो वॉचमन तरी कुठे टिकतो? एजन्सीचं कंत्राट संपलं की अख्खी माणसं बदलतात. आज ज्याला शिकवलं तो पुढच्या महिन्यात सातपूरच्या एखाद्या गोडाऊनवर असतो.

कॉलेजातल्या होज रीलचा, म्हणजे आगीसाठीच्या पाण्याच्या पाइपाच्या पेटीचा, दरवाजा कुणी उघडून बघितलाय का? आत पाइपाऐवजी झाडू आणि फिनेलचा कॅन सापडतो. आधी ते.

स्टाफरूम

मी वेगळ्या कारणासाठी विरोधात आहे. निवडणूक ड्यूटी, नॅक, नवीन धोरणाचे क्रेडिट, आणि आता शिक्षकांनी जिने पण मोजायचे. पण ते सोडा. आठशे पोरं एकदम जिन्यावर सोडण्याचा धोका कुणी लक्षात घेतलाय का? आपल्या नाशिकला तर हे सांगायला नको. २००३ च्या सिंहस्थात चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली, तिथे आग नव्हतीच. अलार्म वाजवून मुलांना पळवण्यापेक्षा वर्गात शांत बसवून शिक्षकांनी परिस्थिती बघून निर्णय घेणं मला जास्त सुरक्षित वाटतं.

एकशेएक

स्टाफरूम सर, मी अग्निशमन दलातून निवृत्त झालोय. तुमचा मुद्दा मनाला पटतो, पण आगीच्या ठिकाणी जे बघितलं ते बरोबर उलटं. धूर दिसल्यावर माणसं पळत नाहीत, थांबतात. 'काही नाही, कुणीतरी कचरा जाळत असेल.' मग चार्जर काढतात, बॅग भरतात, मित्राला फोन लावतात. आणि निघतात तेव्हा ज्या दाराने रोज येतात त्याच दाराकडे जातात, शेजारी दुसरं दार असलं तरी. चेंगराचेंगरी होते ती लोक घाबरट असतात म्हणून नाही. सगळा लोंढा एकाच अरुंद वाटेवर येतो आणि ती पुढे बंद असते, म्हणून. २००३ चं उदाहरण तुमच्या बाजूचं नाही, ते दुसरा जिना उघडा ठेवण्याच्या बाजूचं आहे.

आणि वर्गात बसवून ठेवणं... सर, असं करू नका. २४ मे २०१९, सुरतचं तक्षशिला आर्केड. क्लासची मुलं वरच्या मजल्यावर होती, आग खालून चढली, जिना गेला. २२ मुलं गेली, काहींनी वरून उड्या टाकल्या ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. १५ जून २०२३ ला दिल्लीच्या मुखर्जीनगरात क्लासच्या इमारतीत आग लागली ती फक्त विजेच्या मीटरला, पण धूर जिन्याने वर गेला आणि मुलांना खिडकीतून दोर-वायरी धरून उतरावं लागलं. जिना हा चिमणीचं काम करतो. दहा मिनिटांपूर्वी मोकळा असलेला जिना नंतर मोकळा असेलच असं नाही. निर्णय घ्यायला शिक्षकाकडे वेळ नसतो, म्हणून तो निर्णय आधीच ठरलेला हवा : बेल वाजली की निघायचं.

आता रसायनवाला यांच्याशीही थोडं भांडतो. पोरांचं 'नंतर बघू' हे बरोबर नाही. मात्र पोरांना विझवायला शिकवू नका, निघायला शिकवा. तो लाल सिलिंडर बघून पोरांना वाटतं आता आपण आग विझवणार. सहा किलोचा पावडरचा सिलिंडर जेमतेम १५-२० सेकंद चालतो. कचऱ्याच्या डब्याएवढी आग असेल, पाठीमागे बाहेर जायची वाट असेल, तरच हात घालायचा. नाहीतर दार ओढून घ्यायचं, कुलूप न लावता, आणि १०१ किंवा ११२.

रसायनवाला

एकशेएक काका, मान्य. लॅबपुरतं मात्र पोरांना थोडं जास्त शिकवावंच लागतं. सोडियमच्या तुकड्याने पेट घेतला तर पाणी नाही, नेहमीची पावडर नाही, सीओटू पण नाही, कोरडी वाळू. त्यासाठी दाराशी वाळूच्या लाल बादल्या टांगलेल्या असतात. आमच्याकडच्या एका बादलीत वाळू कमी आणि बिडीची थोटकं, पेनची टोपणं, चॉकलेटचे कागद जास्त. सीओटूच्या सिलिंडरचा कर्णा उघड्या हाताने धरायचा नाही, गारठ्याने कातडी भाजल्यासारखी होते, हे एमएस्सीच्या पोरांनाही माहीत नसतं.

अंबड_शिफ्ट, दुरुस्ती आधी का प्रशिक्षण आधी, हा वाद मला खोटा वाटतो. होज रीलमध्ये झाडू आहे हे कोण सांगणार? ज्याने झाडू ठेवला तो. त्याला ती पेटी कशासाठी आहे हे कुणी सांगितलेलंच नाही, त्याला ते कपाटच वाटतं.

अंबड_शिफ्ट

बरं, झाडूचा मुद्दा तुम्हाला दिला. पण पंपाचा नाही. ऑटोवर ठेवायचा पंप 'आवाज करतो' म्हणून बंद ठेवलाय, हे मावशींना शिकवून सुटणार नाही.

पालक_सिडको

तुम्ही सगळे कुलपावर तुटून पडलात. माझी मुलगी कॉलेज रोडला शिकते, हॉस्टेलला राहते. मागचं गेट उघडं असेल तर कोण कोण आत शिरेल? कॉलेज रोडवर संध्याकाळी बुलेटवाल्यांचा काय तमाशा असतो ते सगळ्यांना माहीत आहे. आग वर्षानुवर्षं लागत नाही, हा त्रास रोजचा. मला तर ते कुलूप असलेलंच बरं वाटतं.

खोली_दुसरा_मजला

काका, मी त्याच प्रकारच्या एका मुलींच्या हॉस्टेलमध्ये आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

रात्री दहाला खालचं चॅनेल गेट बंद. कुलूप बाहेरून. किल्ली रेक्टर मॅडमकडे, आणि मॅडमची खोली गेटच्या पलीकडे, ऑफिसच्या इमारतीत. खिडक्यांना जाड ग्रिल, वेल्ड केलेलं. गच्चीचं दार वर्षभर बंद, कारण कधीतरी कुणीतरी तिथे फोनवर बोलत होती. आमच्या मजल्यावर थंडीत प्रत्येक खोलीत पाणी तापवायचा रॉड चालतो. बंदी आहे, म्हणून पलंगाखाली ठेवून चालतो. एका सॉकेटला एक्स्टेंशन, त्याला दुसरं एक्स्टेंशन, त्यावर इंडक्शन, दोन लॅपटॉप, इस्त्री. एमसीबी पडला की कुणीतरी जाऊन वर करते. पुन्हा पडला की पुन्हा वर. तो का पडतोय हे आम्हाला कधीच कुणी सांगितलं नाही.

आणि ट्रेनिंग? झालं ना. सकाळी अकराला, कॉलेजच्या ग्राउंडवर, हॉस्टेलपासून लांब. रात्री दोनला, दिवे गेलेले असताना, त्या गेटपाशी ऐंशी मुली उभ्या राहिल्या तर काय, हा प्रश्न मी विचारला. उत्तर आलं, 'असं काही होणार नाही, निगेटिव्ह विचार करू नका.'

९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा बाळं गेली ती मध्यरात्रीनंतरच. आग रात्री लागते तेव्हा जागं कोण असतं, आणि त्याच्या हातात काय असतं, एवढंच बघायचं. आमच्याकडे जागे असतात ते वॉचमनकाका. त्यांच्याकडे काठी आहे, टॉर्च आहे, किल्ली नाही. 'मुलींच्या हॉस्टेलची किल्ली पुरुषाकडे कशी द्यायची' म्हणून. मग बाई वॉचमन ठेवा. तर म्हणे बजेट नाही.

पालककाका, बाहेरच्यांना आत येता येऊ नये हे मलाही हवंय. पण बाहेरून न उघडणारं आणि आतून उघडणारं दार असतं की. मल्टिप्लेक्सला बघा, आडवी दांडी असते, आतून ढकललं की उघडतं, बाहेरून हँडलच नाही. उघडलं की बेल वाजेल असं करता येतं, म्हणजे कुणी चोरून गेलं तरी कळेल.

एकशेएक

ताई, तुम्ही जे लिहिलंय ते चारचौघांसमोर वाचून दाखवायला हवं. त्या दांडीला पॅनिक बार म्हणतात. दारावर तो बसला की वॉचमन बदलला तरी फरक पडत नाही, किल्लीचा प्रश्नच मिटतो.

तोवर तात्पुरतं : कुलूप आतल्या बाजूने, एक किल्ली आतच काचेच्या पेटीत गेटशेजारी, आणि मजल्यागणिक दोन मुली ठरलेल्या. खोल्यांची दारं वाजवत जायचं, खाली जमल्यावर हजेरी घ्यायची. हजेरीशिवाय ड्रिल म्हणजे नुसती कवायत. आम्ही गाडी घेऊन पोचतो तेव्हा पहिला प्रश्न 'आत कोण आहे?' आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा कुणाकडेच नसतं. मग त्या धुरात आमची पोरं प्रत्येक खोली चाचपत बसतात. जिना उतरता न येणारी मुलगी कुठल्या मजल्यावर आहे आणि तिला कोण आणणार, हेही आधीच ठरवायचं. आणि गाडी शिंगाडा तलावावरून निघाली तरी संध्याकाळच्या वेळी तुमच्याकडे कशी पोचेल ते तुम्ही रोज बघताच. पहिली काही मिनिटं तुमची तुम्हालाच काढायची आहेत.

स्टाफरूम

वर्गात बसवून ठेवण्याबद्दलचं मत मी मागे घेतो. पण ड्रिल आधी सांगूनच व्हावं, आणि मजल्यामजल्याने. सगळी इमारत एकदम नको. आणि हे काम कुणाचं हे प्राचार्यांनी लेखी द्यावं, नाहीतर ते शेवटी सगळ्यात ज्युनियर असिस्टंट प्रोफेसरकडेच येतं.

अंबड_शिफ्ट

मी अजून तिथेच आहे. पॅनिक बार म्हणजे पैसे, म्हणजे दुरुस्ती, म्हणजे माझाच मुद्दा. :)

पालक_सिडको

दार आतून उघडणारं असेल तर माझी हरकत नाही. पण बेल हवीच.

खोली_दुसरा_मजला

एक विचारायचं होतं. आमच्या हॉस्टेलचा फॉर्म बी भरलाय का नाही हे मला कळू शकतं का? ऑफिसात विचारलं तर 'तुला काय करायचंय' म्हणाले.

अंबड_शिफ्ट

कळू शकतं. फॉर्म अग्निशमन विभागात जातो, म्हणजे महापालिकेत. माहिती अधिकारात जोडपत्र 'अ' भर, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लाव, इमारतीचं नाव आणि पत्ता नीट लिहून जानेवारी आणि जुलै दोन्हींच्या प्रती माग. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. कारण विचारायचा अधिकार त्यांना नाही.

रसायनवाला

फक्त अर्ज वडिलांच्या नावाने टाक. तुझे इंटर्नलचे मार्क अजून यायचे असतील.