'ओबेसोजेन'ला मराठीत काय म्हणायचं? विष, मेदजनक की अजून काही?

एका आरोग्यविषयक लेखाचं मराठी करतेय आणि तीन दिवस एकाच शब्दाशी अडून बसलेय. प्लॅस्टिक, रंग, कीटकनाशकं यातली काही रसायनं शरीरात जाऊन वजन वाढायला हातभार लावत असतील का, असा लेखाचा विषय आहे. अशा रसायनांना ब्रूस ब्लुमबर्ग आणि फेलिक्स ग्रून या कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २००६ साली ओबेसोजेन हे नाव दिलं. मी आधी लिहिलं 'लठ्ठ करणारी विषं' आणि वाचल्यावर माझं मलाच खटकलं, कारण विष म्हटलं की घेतलं आणि माणूस गेला असंच डोळ्यासमोर येतं, आणि हे तर कणाकणाने वर्षानुवर्षं पोटात जातं, कुणी कोसळत नाही की काही नाही. मग 'टॉक्सिन' तसंच ठेवू का?

–––

टॉक्सिन नका ठेवू प्लीज. काटेकोर बोलायचं तर टॉक्सिन म्हणजे सजीवाने तयार केलेलं विष, म्हणजे सापाचं, जिवाणूचं, बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन वगैरे. माणसाने बनवलेल्या घातक रसायनाला टॉक्सिकंट असा वेगळा शब्द आहे, बोलताना सगळे दोन्हीला टॉक्सिनच म्हणतात ते सोडा. दुसरं म्हणजे जाहिरातींनी त्या शब्दाची पार वाट लावलीय, 'शरीरातली टॉक्सिन्स बाहेर काढा' म्हणत ज्यूस विकतात आणि कुठलं टॉक्सिन ते एकदाही सांगत नाहीत. तुमच्या लेखात हा शब्द आला की वाचक थेट तिकडेच जाणार.

जाता जाता, या शब्दाचं मूळ ग्रीक टॉक्सॉन म्हणजे धनुष्य, बाणाला लावायचं विष यावरून पुढे टॉक्सिक आलं. आणि संस्कृतात 'दिग्ध' म्हणजे माखलेला, आणि विषारी बाणालाही दिग्धच म्हणतात! दोन्हीकडे विष बाणावरूनच आलंय. म्हणजे कुणीतरी नेम धरून मारलेलं. इथे तर नेम धरणारं कुणीच नाही, म्हणून तुम्हाला खटकलं ते बरोबरच आहे.

–––

सुश्रुतसंहितेत 'दूषीविष' म्हणून शब्द आहे, कल्पस्थानात. ज्या विषाचा जोर कमी झालाय, जे लगेच मारत नाही पण शरीरात वर्षानुवर्षं टिकून राहतं आणि हळूहळू बिघाड करतं ते. अर्थाने किती जवळ आहे बघा.

–––

शब्द सुंदर आहे पण लेखात वापरू नये असं मला मनापासून वाटतं. वाचक म्हणेल, बघा, हे सगळं आधीच माहीत होतं, आणि मग त्यावरचे घरगुती उतारे सुरू होतील. त्या शब्दामागे एक पूर्ण वेगळी चिकित्सापद्धत उभी आहे, ती सोडून नुसता शब्द उचलता येत नाही.

–––

कर्करोगजनक आहे ना आपल्याकडे, तसंच 'मेदजनक' करा की सरळ. (संस्कृत संधीने मेदोजनक होईल, मूळ शब्द मेदस् आहे, पण आपण मेदवृद्धी म्हणतो, मेदोवृद्धी कोण म्हणतंय, तेव्हा मेदजनकच बरं.)

–––

संधीचं मान्य, पण माझी अडचण 'जनक'ची आहे. जनक म्हटलं की बापच झाला, म्हणजे यानेच जन्माला घातलं. पुरावा तेवढा आहे का? प्राण्यांमध्ये बऱ्यापैकी आहे. ट्रायब्युटिलटिन म्हणून रसायन होतं, जहाजाच्या तळाला शंखशिंपले चिकटू नयेत म्हणून रंगात घालायचे, ते गाभण उंदरांना दिलं तर पिल्लांच्या अंगात चरबी जास्त भरली. ते पेशीतला एक स्विच दाबतं आणि पेशी चरबीची पेशी व्हायच्या वाटेला लागते. पण माणसात बहुतेक ठिकाणी 'संबंध दिसतो' एवढंच. २०१८ साली एक अभ्यास आला होता, डाएट करून वजन उतरवलेल्या लोकांचा, त्यात रक्तात पीएफएएस (नॉनस्टिक भांडी वगैरेंत वापरली जाणारी, सहजी न विघटणारी) रसायनं जास्त असलेल्यांचं, विशेषतः बायकांचं, वजन परत जास्त वाढलं. हे महत्त्वाचं आहेच, पण तरी 'मुळे' हा शब्द लावायच्या आधी मी दहादा थांबेन. मराठीत हे सगळं त्या 'मुळे'वर येऊन ठेपतं, रसायनां'मुळे' वजन वाढतं लिहिलं की संपलं.

–––

क्रियापदाचंही बघा. विष भिनतं. पण चरबीत जाऊन बसणाऱ्या डीडीटीसारख्या गोष्टीला मी 'मुरतं' म्हणेन, कारण ते वर्षानुवर्षं तिथेच असतं, आणि वजन उतरायला लागलं की त्यातलं काही परत रक्तात येतं. पण सगळ्यांना मुरतं म्हणून चालणार नाही! बीपीए, म्हणजे प्लॅस्टिकमधलं एक रसायन, एखाद दिवसात बरंचसं लघवीतून निघून जातं, ते मुरत नाही, ते रोज नव्याने येतं म्हणून रोज सापडतं. या दोघांना एकच क्रियापद लावलं तर अर्थच बदलतो. आणि पीएफएएसना 'चिरंतन रसायनं' लिहितात ना, त्याने मला त्रास होतो, चिरंतन म्हणजे सत्य वगैरे. सरळ 'चिवट' म्हणा.

–––

चिवट! घेतला.

आणि 'जनक'वरचं पटलं. काल रात्री विचार करताना 'मेदप्रेरक' सुचला. प्रेरक म्हणजे पुढे ढकलणारा, जन्म देणारा नाही. शिवाय हार्मोनला आपण संप्रेरक म्हणतो आणि यातली बरीच रसायनं संप्रेरकांच्याच कामात ढवळाढवळ करतात, तेव्हा कानालाही नातं कळतं. 'लठ्ठ' मात्र मी पूर्ण लेखातून काढलाय. तो शब्द माणसाला चिकटतो, आणि ज्याच्या आईच्या पोटात असताना काय काय रक्तात आलं ते त्याच्या हातात नव्हतं, त्याला तो शब्द लावायची माझी इच्छा नाही. म्हणून वजन वाढणं, चरबी साठणं असंच ठेवलंय.

आत्ताचं वाक्य असं: 'काही चिवट तर काही रोज नव्याने शरीरात येणारी रसायनं मेदप्रेरक असू शकतात, प्राण्यांमध्ये तसं दिसलंय, माणसांमध्ये तपास चालू आहे.' 'असू शकतात' फार मिळमिळीत वाटतंय का?

–––

नाही. ते तसंच राहू द्या. 'तपास'च्या जागी 'अभ्यास' करा फक्त, तपास पोलिसांचा वाटतो.