पूरपट्ट्यातील ग्रंथालय आणि अभ्यासिकेसाठी अनुदान : कोणाकडे आणि कोणत्या क्रमाने अर्ज करावा?

नदीकाठचा वाचक

सर्वांना नमस्कार. शिरोळ तालुक्यातील एका गावात आमची नोंदणीकृत संस्था सार्वजनिक ग्रंथालय चालवते. ग्रंथालय शासनमान्य असून ‘ड’ या सर्वांत खालच्या वर्गात आहे आणि पुढील वर्षी त्याला पन्नास वर्षे पूर्ण होतील. त्याच इमारतीत स्पर्धा परीक्षेच्या मुलामुलींसाठी अभ्यासिका चालते, आणि ती रात्री उशिरापर्यंत भरलेली असते. २०१९ आणि २०२१ या दोन्ही महापुरांत तळमजल्यावर पाणी शिरले. खालच्या दोन फळ्यांवरची पुस्तके गेली, आणि जी वाचली त्यांना आजही ओलीचा वास येतो. आता वर एक मजला चढवून ग्रंथसंग्रह तिकडे हलवावा, लोखंडी मांडण्या घ्याव्यात, काही संगणक आणि सौर ऊर्जेची सोय करावी, असा विचार आहे. स्थापत्य अभियंत्याने एकंदर अंदाज ३० लाखांच्या आसपास काढला आहे.

संस्थेची नोंदणी १८६० चा संस्था नोंदणी अधिनियम आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त अधिनियम या दोन्हींखाली आहे, लेखापरीक्षण नियमित होते, आयकराची १२ए नोंदणी (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी) आहे, परंतु ८०जी (देणगीदाराला करसवलत) नाही. शासन, कंपन्या, परदेशी संस्था यांपैकी कोणाकडे जावे, आणि संपूर्ण प्रस्ताव एकाच ठिकाणी द्यावा का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

हिशेबवही

दादा, आपला प्रश्न नेमका आहे म्हणून उत्तरही नेमके देतो. संपूर्ण ३० लाखांचा प्रस्ताव एकाच दाराशी नेऊ नका. आपल्या कामात इमारत, पुस्तके व मांडण्या, आणि संगणक व सौर ऊर्जा अशी तीन स्वतंत्र कामे आहेत, आणि त्या तिन्हींना पैसे देणारे वेगवेगळे आहेत. जो पुस्तकांना मदत करतो तो सिमेंटला करत नाही. एकत्र प्रस्ताव गेला की प्रत्येकजण नकार देतो, कारण प्रत्येकाला त्यात आपल्या चौकटीबाहेरचे काहीतरी दिसते.

त्याआधी धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट एकचा, म्हणजे संस्थेच्या अधिकृत नोंदीचा, ताजा उतारा काढा आणि त्यावरील विश्वस्तांची नावे एकदा मोठ्याने वाचा. आपल्या जिल्ह्यातील जुन्या मंडळांच्या उताऱ्यांवर हमखास दिसणारे चित्र असे असते, की अध्यक्ष म्हणून दिवंगत झालेल्या गुरुजींचे नाव आहे, सचिव मुलाकडे पुण्याला राहायला गेले आहेत, आणि प्रत्यक्ष कारभार पाहणाऱ्यांपैकी एकाचेही नाव नोंदीवर नाही. विश्वस्त बदलल्यापासून ९० दिवसांच्या आत विश्वस्त अधिनियमाच्या कलम २२ खाली फेरफार अहवाल, म्हणजे बदलाची नोंद, दाखल करायचा असतो. तो राहून गेला असेल तर विलंबमाफीच्या अर्जासह दाखल करता येतो, पण मंजुरीला वेळ लागतो. अनुदान देणारा कोणीही असो, बँकेतील सह्या, ठरावावरील सह्या आणि धर्मादाय नोंद यांची तो पडताळणी करतो, आणि घोडे नेमके तिथेच अडते.

८०जी शिवाय कंपन्यांचे दार उघडत नाही, म्हणून तो अर्ज आजच करा. नीती आयोगाच्या दर्पण या स्वयंसेवी संस्थांसाठीच्या संकेतस्थळावरील नोंदणीही करून ठेवा, कारण केंद्र सरकारच्या योजनांत तो क्रमांक मागतात. तेथे पदाधिकाऱ्यांचे पॅन लागतात, म्हणजे पुन्हा फेरफार अहवालच आडवा येतो.

परदेशी संस्थांचा विचार सध्या मनातून काढून टाका. विदेशी अंशदान अधिनियम २०१० खालील नोंदणीसाठी संस्थेने मागील तीन वर्षांत मुख्य उद्दिष्टांवर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले असावे लागतात. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी निधी फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यात घ्यावा लागतो, आणि ज्या संस्थेला तो मिळाला तिला तो दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. त्यामुळे एखाद्या मोठ्या संस्थेने परदेशातून पैसे घेऊन आपल्याला द्यायचे, ही जुनी वाटही बंद झाली आहे. मात्र एक बारकावा लक्षात ठेवा. आपल्या गावचा जो मुलगा परदेशात नोकरी करतो पण ज्याच्याकडे भारतीय पारपत्र आहे, त्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी ठरत नाही. त्याने तिकडचे नागरिकत्व घेतले असेल तर मात्र, कार्ड भारतीय वंशाचे असले तरी, ती देणगी परदेशी ठरते आणि नोंदणीशिवाय स्वीकारता येत नाही. देणगी स्वीकारण्यापूर्वी हे स्पष्ट विचारून घ्या, त्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

कागलवाट

मी कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतील एका कंपनीत सामाजिक उत्तरदायित्वाचे काम पाहते, म्हणून टेबलाच्या या बाजूने काय दिसते ते सांगते.

कंपनी अधिनियम २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून अधिक आहे, तिला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजोपयोगी कामांवर खर्च करावी लागते. आता हा हिशेब आपल्या शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या एखाद्या मध्यम फौंड्रीला लावून पाहा. सरासरी नफा ६ कोटी असेल तर वर्षाला हातात येतात १२ लाख. त्यातच एक शाळा, एक आरोग्य शिबिर आणि झाडे बसवायची असतात. अशा कंपनीकडे आपण ३० लाखांचा प्रस्ताव घेऊन आलात तर समोरचा माणूस सौजन्याने चहा पाजतो आणि फाईल बाजूला ठेवतो. तीन-चार लाखांची मांडणी, संगणक किंवा सौर संच यांपैकी एकच वस्तू मागितलीत तर तोच माणूस ती फाईल संचालक मंडळापुढे नेऊ शकतो.

आपले काम बसते का, ही शंका तर मुळीच ठेवू नका. अधिनियमाच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक ग्रंथालये स्थापन करणे हे शब्द स्पष्ट लिहिलेले आहेत, शिक्षणही आहे आणि आपत्ती व्यवस्थापनही आहे. प्रस्तावाच्या पहिल्याच परिच्छेदात त्या बाबीचा उल्लेख करा. सुवर्णमहोत्सवी समारंभ, व्याख्यानमाला, सत्कार, स्मरणिका यांसाठी मात्र या निधीतून पैसे मागू नका, कारण एकदाच होणारे कार्यक्रम यात धरले जात नाहीत. दरवर्षी आमच्याकडे येणाऱ्या पत्रांपैकी फार मोठा भाग स्मरणिकेच्या जाहिरातीचाच असतो.

संस्थेकडे १२ए आणि ८०जी दोन्ही हवेत, तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा, आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ (असा निधी घेणाऱ्या संस्थांच्या नोंदणीचा) अर्ज भरून क्रमांक घेतलेला हवा. हा क्रमांक १ एप्रिल २०२१ पासून सक्तीचा आहे.

वेळेविषयीही सांगते. कंपनीचा वार्षिक कृती आराखडा आर्थिक वर्षासाठी ठरतो, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत येऊन बोलावे. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात उरलेले पैसे मिळतील या आशेने येणारे पुष्कळ असतात, पण त्या वेळी आम्ही ओळखीच्या आणि कागद पूर्ण असलेल्या संस्थांनाच हात देतो. कोणती कंपनी कोठे खर्च करते हे विचारत फिरण्याची गरज नाही, कारण प्रत्येक कंपनीच्या वार्षिक अहवालात प्रकल्पांची यादी जिल्ह्यासह छापलेली असते. ती वाचून आलेला माणूस आम्हाला पहिल्या पाच मिनिटांत ओळखू येतो.

नदीकाठचा वाचक

हिशेबवही आणि ताई, दोघांचे मनापासून आभार. परिशिष्ट एकबद्दल जे लिहिले आहे ते आमच्या बाबतीत तंतोतंत खरे निघाले, दोन विश्वस्तांचे फेरफार राहिलेले आहेत. एक शंका आहे. आमच्या भागात खरा पैसा साखर कारखान्यांकडे, दूध संघाकडे आणि नागरी बँकांकडे आहे. त्यांना हे दोन टक्के लागू होत नाहीत का?

हिशेबवही

जे सहकारी आहेत त्यांना लागू होत नाहीत, कारण त्या कंपन्या नव्हेत. खाजगी साखर कारखाना कंपनी असेल तर त्याला कलम १३५ लागू होते, म्हणून आधी त्याची नोंदणी कोणत्या कायद्याखाली आहे ते पाहा. सहकारी संस्थांसाठी वाट वेगळी आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ६९ प्रमाणे, राखीव निधी वगैरे बाजूला काढल्यानंतर, नफ्याच्या २० टक्क्यांपर्यंत रक्कम धर्मादाय किंवा सार्वजनिक कामासाठी ठेवता येते. ठेवता येते, ठेवलीच पाहिजे असे नाही, हा फरक महत्त्वाचा. ही तरतूद वार्षिक सभेत नफा वाटणीच्या विषयात येते, म्हणून सभेची विषयपत्रिका निघण्यापूर्वी संचालकांना भेटलात तरच उपयोग. आपल्या संस्थेचे सभासद त्या कारखान्याचेही सभासद असतील, तर अर्जावर त्यांच्या सह्या घ्या. आपल्याकडे संचालक मंडळ संस्थेच्या शिक्क्यापेक्षा सभासदांच्या सह्यांना अधिक मान देते, आणि मला त्यात गैर काही वाटत नाही.

जुनी पोथी

मी ग्रंथालय क्षेत्रात काम करते, म्हणून पुस्तके आणि मांडण्यांपुरतेच लिहिते. आपल्या ग्रंथालयाला १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता असल्यामुळे वार्षिक परिरक्षण अनुदान मिळतच असेल. त्याखेरीज कोलकात्याच्या राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजना पाहा. १९७२ मध्ये स्थापन झालेले हे प्रतिष्ठान केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाखाली आहे. पुस्तके, ती ठेवण्याची साधने, बालविभाग आणि इमारत अशा निरनिराळ्या बाबींसाठी त्यांच्या योजना असून पन्नास, साठ, पंचाहत्तर, शंभर अशा वर्षपूर्तीसाठी वेगळे साहाय्य आहे. आपल्याला पुढील वर्षी पन्नास वर्षे होत आहेत, त्यामुळे ही संधी पुन्हा दहा वर्षे यायची नाही. अर्ज राज्याच्या ग्रंथालय संचालनालयामार्फत जातो, म्हणून सुरुवात जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयातून करा. स्थापनेचा पुरावा मागतील, तेव्हा जुने इतिवृत्त किंवा पहिल्या वर्षाची दाखलनोंदवही पुरात गेलेली नाही ना, हे आत्ताच तपासा. मूळ वही ओलीने चिकटली असेल तर पाने घाईने सोडवू नका, आधी सावलीत वाऱ्यावर पूर्ण वाळू द्या.

पाणीपातळी

इमारतीबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून हे लिहितो. वरचा मजला चढवण्यापूर्वी पाटबंधारे विभागाच्या नकाशावर आपली जागा निळ्या (वारंवार येणाऱ्या पुराच्या) पूररेषेच्या आत आहे की निळ्या आणि लाल (क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराच्या) रेषेच्या मध्ये, हे लेखी घ्या. निळ्या रेषेच्या आत नवीन बांधकामाला साधारणपणे परवानगी मिळत नाही, आणि जुन्या इमारतीवर मजला चढवायचा असला तरी अटी तपासाव्या लागतात. परवानगीशिवायच्या बांधकामाला कोणताही शासकीय निधी मिळत नाही. जागेच्या मालकीसाठी ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा किंवा मिळकत पत्रिका, जे असेल ते संस्थेच्या नावे आहे का तेही पाहा, कारण कित्येक ग्रंथालयांची जागा तोंडी दानावर उभी आहे.

पैशांसाठी खासदार किंवा आमदार स्थानिक विकास निधी हाच मला व्यवहार्य मार्ग दिसतो. खासदारांना वर्षाला ५ कोटी रुपयांपर्यंत कामे सुचवता येतात. ते शिफारस करतात, मंजुरी जिल्हा प्रशासन देते आणि काम कार्यवाही यंत्रणा करते, त्यामुळे संस्थेच्या खात्यात रोख रक्कम येईल अशी अपेक्षा ठेवू नये. ग्रामपंचायतीलाही विसरू नका. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव करून अभ्यासिकेची दुरुस्ती गावाच्या विकास आराखड्यात घातली, तर पुढे कोणत्याही कार्यालयात तो ठराव जोडता येतो. वित्त आयोगाच्या निधीतून फार अपेक्षा मात्र ठेवू नये, पंधराव्या आयोगात त्यातील ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेली होती.

गावकूस

मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. ही सर्व खटपट होईपर्यंत दोन पावसाळे निघून जातील. आधी गावातून लोकवर्गणी काढा आणि निदान मांडण्या तरी उंचावर बसवा. ८०जी मिळाल्यावर देणगीदारांना करसवलतीची पावती देता येईल, पण २,००० रुपयांवरील रोख देणगीला ती सवलत नसते, म्हणून मोठ्या रकमा धनादेशाने किंवा बँकेमार्फतच घ्या. शिवाय गावाने स्वतः काय घातले, हा प्रश्न पुढे प्रत्येक देणारा विचारतोच.

आणखी एक. ‘अनुदान मंजूर करून आणतो, आगाऊ फाईल खर्च द्या आणि मंजुरीनंतर ठरावीक टक्के द्या’ असे सांगणारे लोक आपल्या भागात फिरत असतात. आमच्या शेजारच्या मंडळाने अशा एकाला पैसे दिले, आणि पुढे तो गृहस्थ फोनही उचलेना. टक्केवारीची रक्कम हिशेबात कोणत्या खात्याखाली दाखवणार, एवढाच प्रश्न अशा माणसाला विचारावा.

नदीकाठचा वाचक

सर्वांच्या सल्ल्यावरून क्रम असा ठरवला आहे. या आठवड्यात फेरफार अहवालाचे कागद वकिलांकडे देतो आणि ८०जी चा अर्ज भरतो. जिल्हा ग्रंथालय कार्यालयात सुवर्णमहोत्सवी साहाय्याची चौकशी करतो, पूररेषेचा दाखला मागतो, आणि मांडण्यांसाठी लोकवर्गणीची बैठक ग्रंथालयातच बोलावतो. कंपन्यांकडे जानेवारीत जाऊ. ताई, सौर संचासाठी किती दरपत्रके जोडावीत?

कागलवाट

तीन जोडा, आणि तिन्ही एकाच क्षमतेच्या संचाची असू द्या, नाहीतर तुलना होत नाही. त्यांच्यासोबत अभ्यासिकेच्या हजेरीवहीची मागील तीन महिन्यांची पाने आणि सध्याचे वीजबिल ठेवा. पुढील पाच वर्षे संचाची देखभाल कोण आणि कोणत्या पैशातून करणार, यावर अर्धे पान लिहा. आमच्या बैठकीत प्रस्तावाच्या बाकी भागापेक्षा त्या अर्ध्या पानावर अधिक प्रश्न विचारले जातात.